नवा टीव्ही, जुनं होम थिएटर आणि मोटरहोममधली भुणभुण: एक प्रकरण

पार्श्वभूमी

मोटरहोम साधारण २००६ च्या बनावटीची, एका निवृत्त जोडप्याने सेकंडहँड घेतलेली. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे नुसतं काका आणि काकू म्हणतो. वर्षातले काही महिने दोघांचा मुक्काम गाडीतच असतो. अंधार पडला की बाहेर करण्यासारखं फार काही उरत नाही, मग टीव्ही लागतो.

गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटात २० इंची जुना डबा टीव्ही होता, पिक्चर ट्यूबचा. शेजारच्या खणात, दाराआड, डीव्हीडी लावता येणारं होम थिएटर. छतात बसवलेले पाच छोटे स्पीकर आणि सोफ्याखाली वूफर. गाडी नवी असताना या सगळ्याचा थाट मोठा असणार. काकांचा त्या स्पीकरांवर जीव होता, आणि तो उगाच नव्हता: लाकडी पॅनलमध्ये पक्के बसलेले ते स्पीकर अजूनही छान वाजतात.

डबा टीव्ही एक दिवस कायमचा गेला. त्याच्या जागी २४ इंची एलईडी टीव्ही आला. बसवणं सोपं होतं, कारण जुन्याचं धूडच इतकं मोठं होतं की नवा त्या खणात आरामात मावला. चित्र सुरेख. आवाज मात्र डब्यातून बोलल्यासारखा.

अडचण

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. घरात भिंतीवर आपटून तो आवाज निदान समोर तरी येतो. इथे टीव्ही कपाटात, त्यामुळे निम्मा आवाज कपाटच गिळत होतं. त्यात छतावरचा एसी चालू असला की संवाद कळेनात. काकू आवाज वाढवायच्या, मग जाहिरात लागली की दोघं दचकायचे.

जुन्या टीव्हीपासून होम थिएटरपर्यंत लाल-पांढऱ्या पिनांची वायर आधीच ओढलेली होती. काकांनी ती नव्या टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या भोकांत खोचली. रंगाला रंग जुळला, आवाज शून्य. मला फोन आला तो असा: "अरे, नवा टीव्ही खराब निघाला बहुतेक."

टीव्ही खराब नव्हता. त्याच्या मागची लाल-पांढरी भोकं आवाज आत घेण्यासाठी होती, बाहेर देण्यासाठी नव्हे. ही चूक इतक्या लोकांची होते की तिला चूक म्हणायलाही जीवावर येतं. डबा टीव्हीच्या काळात बऱ्याच सेटांना येणारी आणि जाणारी अशा दोन्ही जोड्या असत. हल्ली जाणारी जोडी बहुतेक टीव्हींवरून गायब झाली आहे, आणि येणारी कुठे कुठे शिल्लक आहे, जुना व्हिडिओ प्लेअर लावणाऱ्यांसाठी. पिना तशाच, रंग तेच, दिशा उलटी.

दोन्ही पाठींची पाहणी

मी गेलो तेव्हा सगळ्यात आधी दोन्ही यंत्रांच्या पाठीचे फोटो काढले. अरुंद खणात मान घालून वाचण्यापेक्षा फोटो मोठा करून वाचणं बरं, आणि नंतर वाद झाला तर पुरावाही.

टीव्हीतून आवाज बाहेर पडण्याच्या चार वाटा निघाल्या. ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक. प्रकाशाने आवाज नेणारी ऑप्टिकल वाट. हा चौकोनी सॉकेट तोशिबाने १९८३ मध्ये आणला आणि अजून टिकून आहे. एचडीएमआयच्या एका सॉकेटवर एआरसी, म्हणजे ज्या केबलने चित्र आत येतं तिच्यातूनच आवाज परत बाहेर पाठवायची सोय. ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. आणि ब्लूटूथ.

होम थिएटरला आत जायच्या वाटा फक्त दोन, दोन्ही लाल-पांढऱ्या. एकीवर टीव्ही लिहिलेलं, दुसरीवर ऑक्स. एचडीएमआय नाही, ऑप्टिकल नाही. याशिवाय एफएम रेडिओच्या एरियलची एक वायर मागे लावलेली होती. ती वायर मी पाहिली, फोटोतही आहे, आणि तिथून पुढे विसरून गेलो. या प्रकरणाचा निम्मा भाग त्या विसरण्याचा आहे.

वीज कुठून येते हेही तेव्हाच लिहून घेतलं. टीव्हीचा अडॅप्टर दोन पिनी. होम थिएटरही दोन पिनी. दोन्ही इन्व्हर्टरच्या एकाच पट्टीवर. गाडी बाहेरच्या विजेला जोडली की तीच पट्टी थेट त्या विजेवर चालते.

काकांनी मध्येच विचारलं, की टीव्हीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय, मग तो सरळ गाडीच्या बॅटरीवर का लावायचा नाही? इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाणार नाही. विचार वाईट नव्हता. पण १२ व्होल्टची म्हणतात ती बॅटरी भरलेली असताना शांत बसली तर १२.६ च्या आसपास असते आणि चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते. टीव्ही तेवढं सोसतो असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल किंवा मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा अडॅप्टर असेल तरच ते करावं. तूर्तास नको ठरलं. या निर्णयाचा पुढे एक अनपेक्षित फायदा झाला, तो ओघात येईल.

समोर असलेले पर्याय

साउंडबार घेऊन मोकळं व्हायचं, हा पहिला पर्याय मीच मांडला. प्रामाणिकपणे सांगायचं तर नवीन माणसाला मी तोच सुचवेन. पण टीव्हीखाली जागा दोन बोटांची, आणि काकांचा चेहरा पाहून विषय सोडला.

ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर होम थिएटरच्या ऑक्सला लावायचा, म्हणजे वायरच नको. अडचण उशिराची. साध्या ब्लूटूथ जोडणीत आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडू शकतो. टीव्ही प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं असं धरलं आहे. म्हणजे गाणी ऐकायला चालेल, पण बातमीदाराचे ओठ मिटल्यावर शब्द येणार. काही टीव्हींत ही तफावत भरून काढायची सेटिंग असते, यात ती नव्हती. शिवाय मोटरहोममध्ये मेन स्विच वरचेवर बंद होतो, आणि दर वेळी जोडी पुन्हा जुळेल याची खात्री देणं मला जमलं नसतं.

एआरसीमधून आवाज काढून लाल-पांढऱ्या पिनांवर देणारे डबे मिळतात. त्यासाठी टीव्ही आणि डबा यांच्यात रिमोटच्या आज्ञांची देवाणघेवाण नीट व्हावी लागते, आणि ती कधी होते, कधी रुसते. एवढ्याशा खणात अजून एक रुसणारं यंत्र नको वाटलं.

एक पर्याय काकांच्या एका मित्राने सुचवला होता: टीव्ही उघडून त्याच्या स्पीकरच्या वायरी सरळ होम थिएटरकडे न्यायच्या. हा ठामपणे नाकारला. हल्लीच्या टीव्हींत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल खेळत असतो, त्यांतली कुठलीही एक ग्राउंड, म्हणजे शून्य पातळीची, नसते. तिला लाल-पांढऱ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याशी जोडलं तर टीव्हीच्या आतला अँप्लिफायर जायची पाळी येते.

उरले दोन. हेडफोन जॅकमधून साधी लीड, किंवा ऑप्टिकलमधून निघून एका छोट्या कन्व्हर्टरमार्फत लाल-पांढऱ्यावर. मी हेडफोनपासून सुरुवात केली, कारण त्याला लागणारी लीड माझ्या पिशवीत होती. निर्णयामागे याहून मोठं शास्त्र नव्हतं.

पहिला प्रयत्न

लीड लावली. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आपोआप बंद झाले, होम थिएटरवर टीव्ही निवडला, आणि सोफ्याखाली कोणीतरी पिंप बडवतंय असा आवाज सुरू झाला. छत मुकं. नुसता वूफर वाजत होता.

यात अर्धा तास गेला. कारण निघालं डॅशबोर्डशेजारच्या एका छोट्या स्विचमध्ये. छतातले पुढचे दोन स्पीकर गाडी चालवताना डॅशबोर्डच्या स्टिरिओला आणि मुक्कामी होम थिएटरला देता यावेत म्हणून तो बसवलेला. शेवटच्या प्रवासापासून तो स्टिरिओच्या बाजूलाच होता. लाल-पांढऱ्यावरून दोनच चॅनल येतात आणि ते पुढच्या दोन स्पीकरांकडे जातात. तेच तोडलेले असल्यावर वाजणार काय? स्विच फिरवला, आवाज आला. जुन्या मोटरहोमवर काम करणाऱ्याने असा स्विच आधी शोधावा, बहुतेकदा त्याच्यावर काही लिहिलेलंही नसतं.

मग आवाजाची पातळी लावली. टीव्हीचा आवाज कमी आणि होम थिएटरचा जास्त ठेवला तर मागे सतत सूं सूं ऐकू येते. म्हणून टीव्ही पाऊण पातळीवर नेला, आणि मग होम थिएटर बसण्याच्या जागी ऐकायला बरं वाटेल इतकं वर घेतलं. त्यानंतर रोजचं कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करायचं.

काकू खूश होत्या. मग टीव्हीवर एक शांत प्रसंग आला, आणि तिघांनाही ते ऐकू आलं: एकसारखी घुंऽऽ अशी भुणभुण.

भुणभुणीचा माग

पहिला प्रश्न, भुणभुण कुठल्या प्रकारची. इंजिन चालू असताना शिट्टीसारखा आवाज येऊन वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर. इंजिन बंद होतं. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर जुन्या ट्रान्सफॉर्मरची यंत्रं कुरकुरतात. गाडी बाहेरच्या विजेवर घेऊन पाहिलं, भुणभुण तशीच. लीड बदलली, तशीच. लीड टीव्हीच्या टोकाला काढली की एकदम शांत.

मग टीव्हीमागची अँटेनाची वायर काढली, आणि भुणभुण गेली. परत लावली, आली. तीनदा करून पाहिलं.

हे का होतं ते थोडक्यात. गाडीत १२ व्होल्टची उणे बाजू बहुतेक ठिकाणी सांगाड्याला जोडलेली असते. दिवे, पंप, पंखा यांचा करंट त्या धातूतूनच बॅटरीकडे परततो. त्यामुळे सांगाड्याच्या दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरची लहरही त्यात मिसळते. आता टीव्ही एका ठिकाणी सांगाड्याला टेकला, होम थिएटर दुसऱ्या ठिकाणी टेकलं, आणि मधे आपण आवाजाची वायर जोडली, की त्या वायरच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतूनही हा करंट फिरू लागतो. या वेटोळ्याला ग्राउंड लूप म्हणतात. घरगुती यंत्रांच्या लाल-पांढऱ्या वायरवरचा सिग्नल ठरावीक मापाने ०.३ व्होल्टच्या आसपास धरतात. त्यात ३ मिलिव्होल्टची भेसळ म्हणजे शंभरात एक. शांत गाडीत कानाला ती सहज कळते.

टीव्ही दोन पिनी, म्हणजे त्याला स्वतःची अर्थिंग नाही. पण छतावरच्या अँटेनाचा बूस्टर १२ व्होल्टवर चालतो आणि त्याची जाळी सांगाड्याला लागलेली. अँटेनाच्या वायरमधून टीव्ही तिथे जाऊन टेकत होता. टीव्ही थेट बॅटरीवर लावला असता तर त्याची उणे वायरही सांगाड्यालाच गेली असती, मग अँटेना काढूनही फरक पडला नसता आणि मी अजून दोन दिवस चाचपडलो असतो. वर म्हटलेला फायदा तो हा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. भुणभुण घालवायला तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला काही लोक देतात. तसं कधीही करू नका. ती पिन माणसाच्या जिवासाठी असते, आवाजासाठी नाही.

अँटेना दोषी ठरली. काकूंना मालिका अँटेनावरच बघायच्या होत्या, त्यामुळे ती काढून ठेवणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "टीव्ही आणि होम थिएटर यांच्यातलं विजेचं नातंच तोडू. आवाज प्रकाशातून नेऊ."

त्या संध्याकाळी अजून एक खूण मिळाली होती. पाण्याचा पंप सुरू झाला की भुणभुणीत खरखर मिसळायची. पंप १२ व्होल्टचा, टीव्हीशी त्याचा काडीचा संबंध नाही. ती खरखर सरळ सांगत होती की घोटाळा सांगाड्यातून येतोय आणि होम थिएटरही कुठेतरी त्या सांगाड्याला टेकलंय. मी ती ऐकली, मान डोलावली आणि पुढे गेलो.

दुसरा रस्ता: ऑप्टिकल

कन्व्हर्टर आला. काडेपेटीएवढा डबा, एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरं, वीज ५ व्होल्टची. टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमध्ये लाल दिवा दिसत होता, म्हणजे वाट चालू. आवाज मात्र नाही.

याचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. ऑप्टिकल वायरीतून आवाज दोन रूपांत जाऊ शकतो: साध्या दोन चॅनलचा पीसीएम, किंवा डॉल्बी डिजिटलसारखा दाबून बांधलेला गठ्ठा. स्वस्त कन्व्हर्टरला फक्त पीसीएम कळतो. टीव्हीची सेटिंग ऑटोवर होती. पीसीएम केलं आणि आवाज आला.

आणि भुणभुणही आली. तीच, तेवढीच.

मी खरंच चक्रावलो. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून करंट जात नाही. दहा मिनिटं वायरीकडे नुसता बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं की कन्व्हर्टरला वीज मी टीव्हीच्या यूएसबीमधून दिली होती. टीव्हीबरोबर चालू, टीव्हीबरोबर बंद, म्हणून मोठ्या कौतुकाने. त्या यूएसबीच्या ग्राउंडमधून टीव्ही पुन्हा कन्व्हर्टरला, कन्व्हर्टरमधून लाल-पांढऱ्या वायरच्या जाळीला आणि तिथून होम थिएटरला जोडला गेला होता. प्रकाशाचा पूल बांधून शेजारीच लोखंडी शिडी लावल्यासारखं झालं. फोनचा एक जुना दोन पिनी चार्जर पट्टीवर लावून कन्व्हर्टरला वीज तिथून दिली. घुंऽऽ थांबलं.

तांत्रिक बाजूने काम संपलं होतं. मी हत्यारं आवरली, चहा झाला, आणि काकूंनी टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी करायचं बटण दाबलं. काही झालं नाही.

ऑप्टिकलमधून जाणारा आवाज या टीव्हीत ठरलेल्या पातळीचाच असतो, टीव्हीच्या रिमोटला तो जुमानत नाही. आवाज आता होम थिएटरच्या रिमोटने बदलायचा. आणि होम थिएटर दाराआड. दार बंद असलं की रिमोटचा किरण पोचत नाही.

"म्हणजे जाहिरात लागली की उठायचं, दार उघडायचं, आवाज कमी करायचा आणि परत येऊन बसायचं?" काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वाजत होतं तेच बरं होतं."

मला काही उत्तर सुचलं नाही. रिमोट एकच हवा, हे त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि मी ते विचारलंच नव्हतं. मला भुणभुण सतावत होती म्हणून मी भुणभुण सोडवली.

परत हेडफोनकडे

पुढच्या भेटीत हेडफोनची लीड पुन्हा लावली आणि तिच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घातला. नाव भारदस्त, आत मात्र दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक चॅनलला एक. आवाज चुंबकीय वाटेने पलीकडे जातो, धातूचा संबंध उरत नाही. वीज लागत नाही, सेटिंग नाही. भुणभुण गेली, टीव्हीचा रिमोट चालू लागला.

किंमत मोजली ती खालच्या पट्टीत. इतके छोटे ट्रान्सफॉर्मर जड, खोल आवाज नीट पेलत नाहीत. संवादांना फरक पडला नाही, पण वूफर जरा दबून वाजू लागला. काकांनी ते लगेच ओळखलं आणि भिडस्तपणे "चालेल रे" म्हणाले. त्या "चालेल"चा अर्थ मला कळत होता.

जॅक सरळ न घेता काटकोनात वळलेला घेतला, आणि लीड टीव्हीच्या पाठीला वेल्क्रोच्या पट्टीने बांधली. गाडी चालताना बाहेर आलेला लांब जॅक सतत हेलकावतो आणि टीव्हीच्या आतलं सोल्डर सैल करतो. ऑप्टिकलचा प्लग तर त्याहून लवकर निसटतो. टीव्ही पुढे ओढता यावा इतका वायरीला झोलही ठेवला.

एफएमची वायर

दोनेक महिन्यांनी भलत्याच कामासाठी गेलो होतो, खणातल्या वायरी नीट बांधण्यासाठी. होम थिएटरच्या मागची ती एफएम एरियलची वायर हातात आली. ती कुठे जाते म्हणून माग काढला. पॅनलमागून पुढे जाऊन ती गाडीच्या बाहेरच्या एरियलच्या बुडाशी पोचत होती, आणि ते बूड बोल्टने थेट सांगाड्याला कसलेलं.

म्हणजे होम थिएटर सांगाड्याला टेकत होतं ते इथे. लूपचं दुसरं टोक.

काकांना विचारलं, "होम थिएटरवर रेडिओ ऐकता का कधी?"

"छे. त्याच्यात रेडिओ आहे?"

एफएमची वायर काढली. आयसोलेटर काढला. हेडफोनची साधी लीड, पहिल्या दिवशीची, सरळ लावली. अँटेना जोडलेली, पंप चालू, आवाज वर. शांतता. होम थिएटर दोन पिनी असल्याने एफएमची वायर गेल्यावर त्याचा सांगाड्याशी दुसरा संबंध उरला नव्हता. आता ते फक्त टीव्हीमार्फत, एकाच ठिकाणी टेकत होतं. वूफर पूर्ववत झाला. सुटलेल्या वायरीच्या टोकाला टोपी घालून चिकटपट्टी गुंडाळली आणि वर लिहून ठेवलं: लावू नये, भुणभुण येते.

वेगळं काय करता आलं असतं

अँटेना काढल्यावर भुणभुण गेली तेव्हा मी थांबलो, ही मुख्य चूक. ती चाचणी एवढंच सांगते की लूप या वायरीतून जातो. दोष या वायरीत आहे असं ती सांगत नाही. लूप कुठेही तोडला तरी तुटतो, तेव्हा तोडायची जागा सोयीने निवडावी. टीव्हीच्या पाठीमागून एकेक वायर काढून पाहिली तसंच होम थिएटरच्याही करायला हवं होतं. तिथे मोजून दोन-तीन वायरी होत्या. पाच मिनिटांचं काम, आणि कन्व्हर्टर, चार्जर, आयसोलेटर यांपैकी काहीच लागलं नसतं. होम थिएटर तीन पिनी असतं तर गोष्ट वेगळी. मग एफएम काढूनही अर्थिंगमधून लूप राहू शकला असता आणि आयसोलेटर हाच नेमका उपाय ठरला असता.

दुसरं, पर्याय मांडण्याआधी रिमोटबद्दल विचारायला हवं होतं: आवाज कोण बदलणार, कुठे बसून, कुठल्या रिमोटने. तेवढ्यावर ऑप्टिकलचा पर्याय या गाडीपुरता तिथेच बाद झाला असता. खण उघडा असता किंवा टीव्हीत ऑप्टिकलची पातळी बदलायची सोय असती तर मात्र मी आजही ऑप्टिकलच निवडेन. आवाजाची शुद्धता त्यात जास्त आहे.

ब्लूटूथ नाकारल्याबद्दल मला पस्तावा नाही. साउंडबारचा आग्रह न धरल्याबद्दल थोडी शंका आहे. होम थिएटर जुनं आहे, त्याचा अँप्लिफायर गेला की त्याच्या जागी काय बसवायचं हा प्रश्न येणारच. स्पीकर आणि वायरी ठेवून नुसता छोटा १२ व्होल्टचा अँप्लिफायर बसवणं हा पुढचा मार्ग दिसतो. पण तेव्हा त्याची उणे वायर पुन्हा सांगाड्याला जाणार, आणि काढून ठेवलेला आयसोलेटर परत मधे घालावा लागणार.

सध्याची स्थिती

टीव्हीपासून होम थिएटरपर्यंत एकच लीड आहे. एक गैरसोय उरली: मेन स्विच बंद करून चालू केला की होम थिएटर डीव्हीडीवर उघडतं आणि टीव्ही निवडायला एकदा दार उघडावं लागतं. काकांनी ते काम आपल्याकडे घेतलं आहे.

बाहेरची वीज नसेल तेव्हा होम थिएटर रात्री पट्टीवरून बंद करायचं ठरलं आहे. ते आणि इन्व्हर्टर मिळून नुसते जागे राहायला २५ वॉट घेत असतील असं धरलं, तर १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर होतात आणि दहा तासांत २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड अॅसिड बॅटरीतून निम्मंच वापरायचं असतं. त्यातला एवढा वाटा झोपलेल्या माणसांच्या होम थिएटरला देणं काकूंना पटलं नाही.

डॅशबोर्डशेजारच्या त्या बिनानावाच्या स्विचवर आता दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एकीवर प्रवास, दुसरीवर मुक्काम.